घर घ्यावे की बांधावे? – तंजावरच्या राजवाड्याचा दाखला

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण मराठी घरात लहानपणापासून कानांवर पडते. ऐकणारे बहुतेक जण तिच्यातून घर बांधण्याचा सल्ला घेतात. वस्तुतः या दोन कामांत किती पैसा, किती श्रम आणि किती मनस्ताप खर्ची पडतो हे ती केल्यावाचून कळत नाही, एवढेच ती सांगते. सल्ल्यापेक्षा तिच्यात इशारा अधिक आहे. गृहकर्जाचे काम पाहणाऱ्या बँक अधिकाऱ्याला या इशाऱ्याचा अर्थ वारंवार उमगत असतो.

गृहकर्जासाठी येणाऱ्या ग्राहकांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गाने एखादे तयार घर पाहून ठेवलेले असते. त्याचा विक्रेता ठरलेला, किंमत ठरलेली. प्रश्न असतो तो कर्जाच्या रकमेचा. दुसऱ्या वर्गाकडे भूखंड असतो, किंवा तो मिळण्याच्या बेतात असतो, आणि वहीच्या पानावर स्वतःच्या हाताने काढलेला नकाशा असतो. देवघर कोणत्या दिशेला, स्वयंपाकघराची खिडकी कोठे, मुलांची खोली किती मोठी, हे सारे त्यात आखलेले असते. 'दुसऱ्याच्या मनासारख्या घरात आपण का राहावे? आयुष्याची पुंजी घालायचीच, तर घर आपल्या मनासारखे बांधू,' असा या वर्गाचा रास्त युक्तिवाद असतो. त्या नकाशाविषयी मला मनापासून आदर वाटतो. तरीही मध्यमवर्गीय कुटुंबाच्या बाबतीत माझे मत बहुतांशी पहिल्या वर्गाच्या बाजूने झुकते. ते का, आणि कोणत्या प्रसंगी झुकत नाही, हे या लेखात मांडावयाचे आहे.

बदलीच्या निमित्ताने सध्या तंजावरला वास्तव्य आहे. मराठी माणसाला या गावात पाऊल टाकताच आपल्या माणसांच्या खुणा भेटतात. त्यांतली सर्वांत मोठी खूण म्हणजे येथील राजवाडा. घर घ्यावे की बांधावे, या प्रश्नाकडे पाहण्याची एक वेगळी दृष्टी हा राजवाडा देतो, असे मला वाटते.

तयार वास्तूत नांदलेले राज्य

छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरला भोसल्यांची सत्ता स्थापन केली. त्या वेळी तेथे नायक राजांचा राजवाडा उभा होता. सोळाव्या शतकात त्याच्या बांधकामाला आरंभ झाला होता. मराठ्यांनी तो विकत घेतला नव्हता, तो राज्याबरोबर हाती आला होता, हे उघड आहे. परंतु हाती आल्यानंतर त्यांनी काय केले, हे पाहण्याजोगे आहे. कावेरीचा सुपीक त्रिभुज प्रदेश ताब्यात असलेल्या राजघराण्याला नवा राजवाडा उभारणे कठीण नव्हते. जुना पाडून महाराष्ट्रातल्या वाड्यासारखी वास्तू उभी करणेही शक्य होते. त्यांनी तसे केले नाही. नायकांच्या भक्कम भिंती त्यांनी राखल्या, आणि ज्याची उणीव भासली ते त्यांत घातले.

१६८४ मध्ये, शहाजीराजांच्या काळात, मराठा दरबार महाल उभा राहिला. त्याचे रंगीत खांब आणि चित्रे आजही पाहावयास मिळतात. नायककालीन संगीत महाल मात्र त्यांनी तसाच वापरात ठेवला, कारण गायन-वादनासाठी योजलेले ते दालन नव्याने बांधण्याची गरजच नव्हती. नायकांच्या काळापासून चालत आलेल्या ग्रंथभांडारात दुसऱ्या सरफोजीराजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) देशोदेशीच्या पोथ्या आणि ग्रंथ यांची भर घातली. आज जगभर सरस्वती महाल ग्रंथालय म्हणून ओळखले जाते ते हेच. १९१८ मध्ये ते सर्वांना खुले झाले आणि आजही राजवाड्याच्या आवारातच आहे. याच आवारातल्या जुन्या दालनांत १९५१ पासून कलादालन आहे, आणि तेथे चोळकालीन धातुमूर्ती मांडल्या आहेत. एकाच वास्तूने राजनिवास, दरबार, ग्रंथालय आणि संग्रहालय अशी नाना रूपे घेतली. मूळ सांगाडा मात्र कायम राहिला.

हीच वृत्ती बृहदीश्वर मंदिरातही दिसते. राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्णत्वास नेलेल्या या मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरण्यात आला. आपली वंशावळ लिहिण्यासाठी राजांनी नवी भिंत बांधली नाही. आठशे वर्षे उभी असलेली भिंत निवडली. घर घेणाऱ्याने या निवडीवर क्षणभर विचार करावा.

बदलता येणारे आणि बदलता न येणारे

घराच्या बाबतीत काही गोष्टी मागाहून बदलता येतात आणि काही जन्मभर बदलता येत नाहीत. रंग, फरशी, ओटा, कपाटे, दारे-खिडक्या, विजेच्या तारा, नळ, न्हाणीघर, एवढेच काय पण एखादी आतली भिंत, हे सारे थोडा पैसा आणि थोडी गैरसोय सोसली की बदलते. जमिनीचा प्रकार, तिची उंची, पाण्याचा उतार, रस्त्याची रुंदी, शेजार, घरावर येणारे ऊन-वारे, पाया, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मालकीहक्काची साखळी, या गोष्टी मात्र घर घेतले त्या दिवशी जशा असतात तशाच बहुधा राहतात. माझ्या अनुभवात नकाशा घेऊन येणाऱ्या ग्राहकाचे सारे लक्ष पहिल्या यादीवर असते आणि त्याची पुढची वीस वर्षे दुसऱ्या यादीवर अवलंबून असतात.

तंजावरचेच उदाहरण घ्यावे. शहराच्या एका अंगाला कावेरीच्या गाळाची चिकणमाती आहे, तर नैर्ऋत्येस वल्लमच्या बाजूला जांभ्या दगडाची उंचवट्याची जमीन आहे. चिकणमाती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर घर बांधताना पाया खोल आणि मजबूत घ्यावा लागतो. त्यामुळे काही किलोमीटरच्या अंतराने पायाच्या खर्चात मोठा फरक पडतो. जमिनीखाली गेलेला हा पैसा वरून दिसत नाही, आणि हौसेने काढलेल्या नकाशात तर त्याला जागाच नसते. महाराष्ट्रात काळ्या जमिनीवर घर बांधणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही.

तयार घराचा मोठा गुण असा, की ते परीक्षा देऊन बसलेले असते. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी 'गज' चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आदळले आणि तंजावर जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या नारळाच्या बागा त्याने आडव्या केल्या. त्या रात्री या पट्ट्यातले जे घर तग धरून उभे राहिले, त्याच्या बांधणीविषयी कंत्राटदाराच्या शब्दापेक्षा भरवशाचा पुरावा आपल्या हाती असतो. म्हणून तयार घर पाहावयाचे ते पावसात. तंजावरला ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो; महाराष्ट्रात जुलै हा त्यासाठी उत्तम महिना. भिंतीला आलेली ओल, छताची गळती, अंगणात साचणारे पाणी, गटार तुंबल्याचा वास, हे सारे पाऊस लपवू देत नाही. विक्रेता मात्र बहुधा उन्हाळ्यात, नवा रंग दिल्यानंतर घर दाखवतो!

जुन्या घरांचे सारेच गोड असते असेही नाही. राजवाड्याभोवतीच्या रस्त्यांवर आणि आसपासच्या जुन्या वस्त्यांत आजही पारंपरिक घरे आढळतात. रस्त्याच्या कडेला तिण्णै म्हणजे बसण्याचा ओटा, आत मुट्रम म्हणजे उघडा चौक, मागे कोल्लै म्हणजे परसू आणि विहीर. मराठी वाड्यात वाढलेल्या माणसाला ते पाहून घरी आल्यासारखे वाटते. चौकामुळे उन्हाळ्यातही घरात हवा खेळती राहते. परंतु सागवानी तुळयांवर विटा आणि चुना घालून केलेल्या छताला वाळवी लागली असेल, तर ते दुरुस्त करणारा कसबी गवंडी मिळणे आता सोपे राहिलेले नाही. अशा घराचा मोह होत असेल, तर सौद्यापूर्वी अभियंत्याकडून तुळया, छत आणि पाया तपासून घ्यावा. तपासणीची फी काही हजारांत जाते; चूक काही लाखांत जाते.

हिशेबाची बाजू

वाणिज्य शाखेत शिकलेल्या माणसाने भावनेबरोबर आकडेही मांडले पाहिजेत. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी धरले आहेत. वाचकांनी आपापल्या गावचे दर घालून हाच हिशेब करावा.

समजा, ५ सेंटांचा भूखंड आहे. तमिळनाडूत जमीन सेंटमध्ये मोजतात. १ सेंट म्हणजे ४३५.६ चौरस फूट, आणि ५ सेंट म्हणजे आपले बरोबर २ गुंठे. त्याची किंमत १५ लाख रुपये धरू. त्यावर १,२०० चौरस फुटांचे घर चौरस फुटाला २,२०० रुपये दराने बांधले, तर बांधकामाचा खर्च २६ लाख ४० हजार होतो. जमिनीसह एकूण ४१ लाख ४० हजार.

आता अगदी शेजारी, तेवढ्याच जागेवर, तेवढेच पण वीस वर्षांचे जुने घर विक्रीस आहे असे धरू. मूल्यांकनाच्या रूढ पद्धतीत घराचे आयुष्य ६० वर्षे आणि अखेरचे अवशेषमूल्य १० टक्के मानले, तर वीस वर्षांचा घसारा ३० टक्के येतो. म्हणजे बांधकामाचे मूल्य १८ लाख ४८ हजार आणि जमिनीसह घराची किंमत ३३ लाख ४८ हजार होते. नव्या घराशी फरक ७ लाख ९२ हजारांचा.

या फरकातून मुद्रांकाचा खर्च वजा केला पाहिजे. तमिळनाडूत २०२३ पासून खरेदीखतावर मुद्रांक व हस्तांतर शुल्क ७ टक्के आणि नोंदणी शुल्क २ टक्के, मिळून ९ टक्के द्यावे लागतात. तयार घरावर ते सुमारे ३ लाख १ हजार, तर नुसत्या भूखंडावर १ लाख ३५ हजार होतात. येथे बांधणाऱ्याचे १ लाख ६६ हजार वाचतात. तरीही तयार घर घेणाऱ्याच्या हाती सव्वासहा लाख उरतात. त्यांतले ४ लाख नव्या तारा, नळ, गच्चीची जलरोधक प्रक्रिया आणि स्वयंपाकघर यांवर खर्च केले, तरी दोन लाखांवर रक्कम शिल्लक राहते. जुन्या घराचे आयुष्य वीस वर्षांनी कमी, हे खरे. पण पंचेचाळिसाव्या वर्षी घर घेणाऱ्याला आणखी चाळीस वर्षे टिकणारे घर अपुरे पडेल, असे म्हणवत नाही.

करांचाही विचार हवा. पूर्ण झालेल्या जुन्या घराच्या खरेदीवर वस्तू व सेवा कर लागत नाही. मालासह बांधकामाचे कंत्राट दिले, तर नोंदणीकृत कंत्राटदाराच्या बिलावर साधारणपणे १८ टक्के कर येतो. स्वतंत्र घरासाठी केवळ मजुरीचे कंत्राट दिले, तर मजुरीवर कर नाही; पण सिमेंट-लोखंडाच्या किमतीत तो असतोच. सिमेंटवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, ही बांधणाऱ्यांना दिलासा देणारी बाब आहे.

आता काळाचा हिशेब. बांधणाऱ्याला एकीकडे घरभाडे आणि दुसरीकडे टप्प्याटप्प्याने उचललेल्या कर्जावरील व्याज असा दुहेरी भार पडतो, ही तक्रार सर्वश्रुत आहे. काटेकोर पाहिले, तर ठरलेल्या मुदतीपुरती ती फारशी खरी नाही. २५ लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी, दीड वर्षात समान टप्प्यांत उचलले, तर त्या काळाचे व्याज १ लाख ६० हजारांच्या घरात जाते. दरमहा १० हजार रुपये भाडे धरले, तर १ लाख ८० हजार. एकूण ३ लाख ४० हजार. तयार घरासाठी तेवढेच कर्ज पहिल्याच दिवशी उचलणाऱ्यालाही दीड वर्षात तीन लाखांवर व्याज पडते. पारडी जवळजवळ समान आहेत.

ती झुकतात काम रेंगाळल्यावर. समजा, २० लाख रुपये उचलून झाले, स्लॅब पडला, आणि कंत्राटदार दुसऱ्या कामाला निघून गेला. आता दरमहा सुमारे १४ हजार २०० रुपये व्याज आणि १० हजार रुपये भाडे, म्हणजे २४ हजार २०० रुपये जातात, आणि मुद्दलातून एक रुपयाही फिटत नाही. पूर्ण २५ लाखांचा वीस वर्षांचा मासिक हप्ता असतो तो सुमारे २१ हजार ७०० रुपये! अर्धवट घर हे पूर्ण घरापेक्षा महाग पडते, ते असे. कर्ज थकण्याची सुरुवात पुष्कळदा येथूनच होते. अंदाजपत्रकात दहा-पंधरा टक्के रक्कम अडीअडचणीसाठी राखून न ठेवता बांधकाम सुरू करणाऱ्याची गाडी अशा ठिकाणी अडते.

आणखी दोन नियम ध्यानात ठेवावेत. रिझर्व्ह बँकेच्या निकषांनुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ७५ लाखांपर्यंत ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज देता येते. मुद्रांक व नोंदणीचा खर्च या किमतीत धरला जात नाही. अपवाद दहा लाखांपर्यंतच्या घरांचा. म्हणजे ही रक्कम ग्राहकाने स्वतःच्या पुंजीतूनच उभी करावयाची असते. दुसरे असे, की जुन्या करप्रणालीत राहणाऱ्यांना राहत्या घराच्या कर्जावरील व्याजाची २ लाखांपर्यंतची वजावट मिळण्यासाठी, ज्या आर्थिक वर्षात कर्ज घेतले त्या वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांत बांधकाम पूर्ण व्हावे लागते. तसे न झाल्यास ही मर्यादा ३० हजारांवर येते. रेंगाळलेल्या बांधकामाचा असा फटका प्राप्तिकरातही बसतो.

कागद आधी, विटा मागाहून

राजवाड्याचा आणखी एक धडा आहे, आणि तो दुःखद आहे. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्राविना निवर्तले आणि तंजावरचे राज्य संपुष्टात आले. कंपनी सरकारने राज्याबरोबर राजाची खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाईसाहेब यांनी दाद मागितली. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले, आणि १८५९ मध्ये निकाल विरुद्ध लागला. मालमत्ता ताब्यात घेणे हे सार्वभौम सत्तेचे कृत्य असून त्याचा निवाडा करण्याचा अधिकार न्यायालयाला नाही, असे ठरले. पुढे १८६२ मध्ये सरकारने ती खासगी मिळकत राण्यांकडे सोपवली खरी, परंतु ती सरकारच्या मर्जीने. राज्याचे काय आणि घरचे काय, ही रेघ कागदावर स्पष्ट नसली की पावणेदोनशे वर्षे नांदत्या घराचीही शाश्वती राहत नाही.

आजच्या ग्राहकावर साम्राज्य चालून येणार नाही. पण मालकीची रेघ अस्पष्ट असण्याचे धोके आहेतच. तयार घराच्या बाबतीत पहिला धोका वारसांचा. जुन्या वस्तीतल्या घराचे वारस चेन्नईत, बंगळूरला, परदेशात असे विखुरलेले असतात. विकणारा एक भाऊ समोर असतो आणि बहिणींचा उल्लेखही नसतो. तमिळनाडूने १९८९ मध्ये, महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींना समान हक्क दिला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आणखी स्पष्ट केला. म्हणून सर्व वारसांच्या सह्या असल्याखेरीज इसार देऊ नये. दुसरा धोका जमिनीचा. काही जुन्या वस्त्यांत घर रहिवाशाचे आणि खालची जमीन देवस्थानाची असते. अशा घरावर कर्ज मिळणे दुरापास्त असते.

भूखंड घेणाऱ्यापुढचा धोका वेगळा. शेतजमिनीचे तुकडे पाडून, दगड रोवून, विनापरवाना भूखंड विकण्याचा धंदा तमिळनाडूत इतका वाढला, की सप्टेंबर २०१६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने अशा भूखंडांच्या नोंदणीला मनाई केली. पुढे २०१७ मध्ये शासनाने २० ऑक्टोबर २०१६ पूर्वीच्या भूखंडांसाठी नियमितीकरणाचे नियम आणले. आपल्याकडे बिगरशेती परवानगीविना विकलेल्या गुंठेवारीची कथा याहून निराळी नाही. तेव्हा तमिळनाडूत मूळ दस्त, पट्टा, बोजा दाखला व मंजूर रेखांकन, आणि महाराष्ट्रात सात-बारा किंवा मिळकत पत्रिका, बिगरशेती आदेश व तीस वर्षांचा शोध अहवाल, हे कागद वकिलाने पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये. बँक कागद मागते ते ग्राहकाला त्रास देण्यासाठी, असा समज काही ठिकाणी आहे. वास्तविक त्या तपासणीचा पहिला लाभार्थी ग्राहकच असतो.

बांधावे केव्हा?

तर मग नवे घर कोणी बांधूच नये काय? तसे मुळीच नाही. ज्या सरफोजीराजांनी जुन्या राजवाड्यात राहून ग्रंथालय वाढवले, त्यांनीच १८१४-१५ मध्ये तंजावरपासून सुमारे ६५ किलोमीटरवर, समुद्रकाठी, मनोरा नावाची आठ मजली षट्कोनी वास्तू अगदी पायापासून उभारली. नेपोलियनवर इंग्रजांना मिळालेल्या विजयाचे ते स्मारक होते, आणि गलबतांना दीपस्तंभ म्हणूनही त्याचा उपयोग होई. तेथे जुडवून घ्यावे असे जुने काही नव्हते. जे हवे ते कोठेही तयार मिळत नसेल, तर बांधणे हाच मार्ग असतो.

सामान्य कुटुंबाच्या बाबतीतही असे प्रसंग येतात. घरात चाकांच्या खुर्चीवर वावरणारे माणूस असेल आणि सर्व दारे रुंद, सर्व जमिनी सपाट हव्या असतील. डॉक्टरला घरालगत दवाखाना किंवा कारागिराला कारखाना हवा असेल. वडिलोपार्जित निर्वेध भूखंड हाताशी असेल. किंवा गावात विक्रीस असलेल्या घरांचे कागदच ठीक नसतील. तर खुशाल बांधावे. राहते घर विकून आलेल्या नफ्यावरील करसवलतीसाठी कायद्यानेही तयार घर घेणाऱ्याला दोन वर्षे, तर बांधणाऱ्याला तीन वर्षे दिली आहेत. तमिळनाडूत जुलै २०२४ पासून २,५०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर ३,५०० चौरस फुटांपर्यंतचे, तळमजला किंवा वर एक मजला असे घर बांधण्यासाठी स्वयंप्रमाणनाने ऑनलाइन परवानगी मिळू लागली आहे. परवानगीचे हेलपाटे कमी झाले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र परवानगी झटपट मिळाली म्हणून बांधकाम झटपट होत नाही.

बांधणाऱ्याजवळ तीन गोष्टी हव्यात : राखीव पैसा, देखरेखीसाठी वेळ, आणि कंत्राटात लिहून घेतलेले टप्पे. झालेल्या कामापुरतेच पैसे द्यावेत. 'ओळखीचा माणूस आहे' म्हणून आगाऊ रक्कम देऊ नये. बँक टप्प्याटप्प्याने कर्ज देते त्यामागेही हेच तत्त्व आहे.

येथे आपल्या कर्मचारी बंधुभगिनींसाठी एक शब्द. आपली नोकरी बदलीची. गावी निवृत्तीसाठी घर बांधावे आणि ते चारशे-पाचशे किलोमीटरवरून, फोनवर, सुटीच्या दोन दिवसांत उरकावे, असा घाट पुष्कळ जण घालतात. दूर राहून घर घेता येते, बांधता येत नाही. सळई किती जाडीची घातली, सिमेंटला पाणी किती दिवस मारले, हे दूरध्वनीवरून कळत नाही. आणि जे नातेवाईक आपल्यासाठी देखरेख करतात, त्यांच्याशी असलेला स्नेहही कधी कधी त्या बांधकामाच्या पायात जातो. निवृत्तीला पाच-सात वर्षे उरली असतील, तर चांगले तयार घर पाहून ठेवावे, तूर्त भाड्याने द्यावे, आणि निवृत्तीनंतर तेथे राहून, डोळ्यांदेखत, हवे ते बदल करावेत.

समारोप

तयार घरात दुसऱ्याची आवड नांदते, हा आक्षेप अखेर उरतोच. त्याला उत्तर काळ देतो. घर आपलेसे होते ते नकाशाने कमी आणि वापराने अधिक. एका वर्षी स्वयंपाकघर, दुसऱ्या वर्षी गच्ची, बोनस मिळाला त्या वर्षी माडीवरची खोली, असे घर कुटुंबाबरोबर वाढत जाते. मुलांच्या अभ्यासाची खोली पुढे आजी-आजोबांची होते. दहा वर्षांनी आपल्याला काय हवे असेल, हे आज वहीच्या पानावर नेमके लिहिता येईल असा भरवसा फार थोड्यांनी द्यावा. आज पुंजीचा शेवटचा रुपया ओतून मनासारखे बांधलेले घर उद्या बदलण्यासाठी पैसाच उरला नाही, तर ते मनासारखे किती काळ राहणार?

म्हणून घराच्या शोधात असलेल्या वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते. कागदाचे दोन रकाने करावेत. एकात या घराचे जे कधीच बदलता येणार नाही ते लिहावे, दुसऱ्यात जे बदलता येईल ते. पहिला रकाना समाधानकारक असेल, तर दुसऱ्यातल्या उणिवांसाठी घर नाकारू नये. त्यांच्या दुरुस्तीचा खर्च काढून किंमत तेवढी कमी करून मागावी. पहिलाच रकाना सदोष असेल, तर घर कितीही देखणे असो, हात जोडून परत यावे. आणि पहिल्या रकान्यात बसणारे एकही घर गावात नसेल, तर चांगली जमीन पाहून, राखीव पैसा बाजूला ठेवून, स्वतः उभे राहून बांधावे. हा कागद सोबत घेऊन शाखेत यावे. कर्जाच्या अर्जाआधी त्यावरच बोलू.